बस आणि पंख्याची एकच खूण

योगिनी नाटेकर बाईंना न कळलेली गोष्ट तशीच सोडून देता येत नाही. रत्नागिरीतल्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत त्या शिकवतात. मी तिथे मुलांची श्रवणयंत्रं दुरुस्त करायला जातो. एकदा यंत्र उघडून बसलो होतो, तर बाई शेजारी येऊन उभ्या. "हा एवढासा भाग काय करतो?" सांगितलं. "आणि काढला तर?" शेवटी काढून दाखवावा लागला.

बाई राजापूर तालुक्यातल्या नाटे गावच्या. घरची मासेमारी. बायका किनाऱ्यावर मासळी निवडायच्या आणि विकायच्या, बोटीवर जायचे ते पुरुषच. एक चुलतभाऊ जन्मापासून बहिरा होता. तो दिवसभर काय विचार करत असेल, हे घरात कुणालाच सांगता येईना. ते कळावं म्हणून बाईंनी कर्णबधिर मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेतलं.

गेल्या जूनमध्ये दाभोळहून काशी शाळेत आली. सात वर्षांची, अजिबात ऐकू न येणारी. शाळेतल्या खुणा ती शिकेना. चित्र दाखवलं की भलतंच काहीतरी हाताने करायची आणि समोरच्याचं तोंड बघत राहायची. तपासणीला येणाऱ्या मानसतज्ज्ञ मृणाली मॅडमनी तिला दोनदा पाहिलं. "हिची समजच कमी दिसते. दिवाळीनंतर एकदा बघते. तेव्हाही असंच असेल, तर हिला मतिमंद मुलांच्या शाळेत पाठवावं लागेल."

बाई त्या दिवसापासून काशीला पुन्हा पुन्हा चित्रं दाखवू लागल्या. मला म्हणाल्या, "बसचं चित्र दाखवलं की ही मूठ गरगर फिरवते. छताच्या पंख्यालाही तेच. मिक्सरलाही तेच. झाडाला मात्र नाही. का?"

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो. एकच खूण ठरावीक ठिकाणीच येते, म्हणजे त्यामागे नियम आहे, एवढं मला पटलं. पण नियम कोणता?

काशीचे वडील बोटीवर जाणारे, म्हणून बाईंनी नाटे गावी त्यांच्या सख्ख्या भावाला, अजिंक्यला, व्हिडिओ कॉल लावला आणि मूठ फिरवून दाखवली. अजिंक्य हसायलाच लागला. "गो ताय, मास्तरीण होतीस ना? बोटीवर कधी लागलीस?"

"चेष्टा पुरे. हे काय आहे?"

"इंजान चालू कर! अगो, इंजानाच्या आवाजात कोण कुणाचं ऐकतंय? आम्ही सगळं हातानंच बोलतो."

बाईंनी पंजा खाली दाबून दाखवला. लाल सिग्नलच्या चित्राला काशी तसं करायची. "बंद कर," अजिंक्य म्हणाला. "पण दाभोळवाल्यांचं सगळं मला नाय कळायचं. एकेका बोटीच्या वेगळ्या खुणा असतात."

पुढच्या रविवारी धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून आम्ही दाभोळला गेलो. काशीचे वडील गुणाजी जाळं विणत बसले होते. बाईंनी मूठ फिरवली तसे त्यांनी स्वतःचे हात जाळ्याखाली घेतले.

"काय नाय बाई. पोर उगाच करतंय."

"अवो, खोटं कशाला सांगताय?" आतून काशीची आई हिरा बाहेर आली. "बाई, हे दोघं दिवसभर हातानं बडबडायचे. आता हे तिच्याकडं बघत पण नाहीत."

गुणाजींनी मान खाली घातली. "कान तपासायच्या शिबिरात एका सायबांनी सांगितलंन, हातवारे केलेत तर पोरगी कधी बोलायची नाय. तिनं बोलावं म्हणून मी बंद केलं. ती हात उचलते, मी तोंड फिरवतो. बाई, मला काय हौस आहे?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही बोटीवर एवढी वर्षं हात चालवलेत. तुमचं बोलणं बंद पडलं?"

"ह्यांचं?" हिरा म्हणाली. "पडलं असतं तर घरात शांतता तरी मिळाली असती!"

गुणाजी हसले, पण हात जाळ्याखालीच राहिले.

दिवाळीनंतर मृणाली मॅडम आल्या. बाईंनी सगळं सांगितल्यावर त्यांनी दाभोळहून आलेल्या गुणाजींनाही आत बसवलं; हिरा दारात थांबली. "फक्त प्रश्न तुम्ही विचारा. उत्तर सुचवायचं नाही."

टेबलावर चार चित्रं उलटसुलट ठेवली होती, ती क्रमाने लावायची होती: कोय, कोंब, रोप, आंबे लागलेलं झाड. काशीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती वडिलांकडे पाहत होती. सवयीने गुणाजींची मान खिडकीकडे वळली. मी कोपऱ्यात काम करत होतो, हातातलं यंत्र खाली ठेवलं.

मग गुणाजींनी मान परत वळवली. उजवा हात खांद्यावरून मागे नेला आणि बोटं हलवली. मागून काय येतंय? बोटीवर मागच्या माणसाला ते हेच विचारतात.

काशी खुर्चीवर उभीच राहिली. कोयीचं चित्र ओढून पुढे ठेवलं, मागे कोंब, त्यामागे रोप, शेवटी झाड. मॅडमनी दुसरा संच काढला, तिसरा काढला. गुणाजी तेवढाच हात हलवत होते, आणि त्यांचे डोळे वाहत होते.

"ही इथेच शिकेल," मॅडम म्हणाल्या. "मी चुकीच्या भाषेत विचारत होते."

"आता घरी हात चालवू ना?" गुणाजींनी विचारलं.

"चालवा. पण आमच्या खुणाही शिकायला यायचं. दर शनिवारी," बाई म्हणाल्या.

"शनिवारी बोट असते."

"बोट थांबंल," दारातून हिरा म्हणाली.

एवढ्यात काशीने दोन्ही तळवे गालांवर ठेवले, मग एक हात बाईंच्या दिशेने झटकला. बाईंनी गुणाजींकडे पाहिलं.

"ही खूण बोटीवरची नाय," ते गोंधळून म्हणाले. "घरातली पण नाय."

हिरालाही माहीत नव्हती. म्हणजे ती काशीची स्वतःची होती, इथे शाळेत एकटीने केलेली. योगिनीबाई पदर खोचून तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि भुवया उंचावून, हात पसरून विचारू लागल्या, काय?