रश्मीच्या ठिपक्याकडे आलेली रेघ

माझी नात रश्मी अमरावतीत तुरीच्या मर रोगावर पीएचडी करते. मर म्हणजे उभं झाड वाळून जाणं. मी शाळा चौथीतच सोडली, पण तिच्या लॅपटॉपवरचा नकाशा मला कळतो. एकेक ठिपका म्हणजे कुणाचा तरी छापलेला पेपर. एकानं दुसऱ्याच्या पेपरचा आधार घेतला की मधात रेघ. ज्याचा आधार जास्त लोक घेतात, त्याचा ठिपका मोठा. काही तर लग्नातल्या जावयासारखे फुगलेले.

रश्मीचा ठिपका कोपऱ्यात, मोहरीएवढा. भातकुलीकडच्या खारपाण, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातल्या, वावरात उन्हातान्हात फिरून लिहिलेला, मर थांबवायचा उपाय सांगणारा तिचा एकुलता पेपर. त्याच्याकडे एकही रेघ येत नव्हती. अन् प्राध्यापकाच्या नोकरीत तर रेघाच मोजतात. पोरगी रोज सकाळी नकाशा उघडून बसे, चहावर साय धरे.

एकदा तिच्या संगतीचा ललित घरी आला. टेकत नाही तर म्हणे, "रश्मी, तू माह्या पेपरचं नाव टाक, मी तुह्या टाकतो. आमी सारे तसंच करून राहिलो. पाह्य, कसे फुगले ठिपके!"

मी म्हटलं, "म्हणजे आहेरच न रे बापू. तुमी आमाले लुगडं, आमी तुमाले लुगडं. नेसत कोणीच नाही."

"आजी, आहेराबिगर लग्न होते काय?"

तो गेल्यावर रश्मीनं त्याचा पेपर शेवटापर्यंत वाचला. "कपाशीवर हाये. माह्या तुरीत याले कुठी बसवू?" म्हणाली, अन् नाव टाकलं नाही. दोघांनी अर्ज केलेली नोकरी ललितला लागली.

परवा मात्र रेघ आली. अकोल्याच्या आकांक्षा नावाच्या पोरीच्या पेपरातून. रश्मी हरखून वाचायला बसली अन् वाचता वाचता तिनं आपला पेपर शेजारी उघडला.

"काय लिहिलं वं तिनं?"

"मी चुकली म्हणते. तिच्या वावरात माह्या उपायानं मर थांबला नाही."

"मंग रेघ मोजत नाहीत काय?"

"मोजतात न. चूक काढली काय अन् वाहवा केली काय, नकाशात रेघ सारखीच दिसते."

पुढच्या महिन्यात दुसरी मुलाखत. तिथं हाच नकाशा दाखवायचा होता. मी म्हटलं, राहू दे मग तशीच. थोड्या वेळानं पाहते तर रेघ लाल करून खाली लिहिलं होतं, 'विरोधी निष्कर्ष'. मग तिनं आकांक्षाला फोन लावला. मला वाटलं, आता भांडण. पण दोघी विहिरीच्या खारट पाण्यावर अशा बोलत सुटल्या, जशा माहेरच्या मैत्रिणी.

"आजी, उद्या तिचं वावर पाहाले चालली मी."

"डबा एकीचा बांधू का दोघींचा?"

"दोघींचा," म्हणाली, अन् तिथल्या मातीशी ताडून पाहायला भातकुलीच्या मातीच्या पुड्या पिशवीत भरू लागली.