गस्तीच्या बोटीची पहिली धाड

चहा निवू द्या जरा. माझ्याच वखारीवर मीच धाड कशी घातली, ते ऐकायचंय ना? मग ऐका. आणि हसायचं असेल तर खुशाल हसा, मी काही लाजणारा माणूस नाही!

रेवदंड्याला खाडीकाठी माझी नारळाची वखार. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत. पुढचं सगळं तागडीनं शिकवलं. तिनं शिकवलेली पहिली गोष्ट ही, की सगळे घरी बसतात तेव्हा आपण बाहेर पडावं.

आता आमच्याकडची रीत बघा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी होडी लोटत नाही. पावसाळाभर मचवे किनाऱ्यावर झापांखाली झोपलेले. आणि मुंबईला नारळ हवा असतो तो नेमका पौर्णिमेच्या आधी! बैलगाडीनं पाठवावा, तर भाडंच नारळाला खातं. असल्या दिवसांत दर्यात कोण जातं? फक्त सरकारची गस्तीची आगबोट.

म्हणून मी तीच विकत घेतली!

हसू नका. मुंबईच्या गोदीत आरमारानं मोडीत काढलेल्या बोटींचा लिलाव होता. त्यात ही. राखाडी अंग, उंच धुराडं. लिलाववाल्यानं तिची कीर्ती अशी गायली की पोवाडाच! मोठ्या लढाईत गस्त घातली, तोफा मिरवल्या, चोरट्या मालवाल्यांचा थरकाप उडवला. मी भुललो. आमच्या कुटुंबानं हातातल्या पाटल्या काढून दिल्या होत्या, त्या तिथं गेल्या. पौर्णिमेच्या बाजारातून परत करून देईन, असा माझा शब्द होता. बोटीबरोबर कप्तानाची जुनी टोपी मात्र फुकट मिळाली.

तिच्यावर पूर्वी खलाशी असलेला दिघीचा धर्मा, त्यालाच मी तांडेल म्हणून ठेवला. विचारलं, “काय रे, हिनं चोर किती पकडले?”

“सांगन की शेट,” तो विडी शोधत म्हणाला, “सवडीनं सांगन.”

गावात मी एवढंच बोललो होतो, की पौर्णिमेआधी बोट घेऊन येतो. कसली बोट, ते बायकोलासुद्धा सांगितलं नाही. धंद्यात तोंड उघडलं की भाव चढतो! शेजारचा गोविंदशेट म्हणाला, “अरे, पंचांग बघ! पौर्णिमेआधी दर्यात जातात का?” म्हटलं, “पंचांग तुझं, इंजिन माझं!”

आणखी एक गोष्ट. त्या उन्हाळ्यात साऱ्या किनाऱ्यानं मिठाचा कायदा मोडला. मग मी काय मागे राहू? पाणी आमचं, ऊन आमचं, आणि कर यांचा? मीही बिनकराचं मीठ आणलं, पोती वखारीत तळाशी ठेवली आणि वर नारळ रचले. ठाऊक फक्त आमच्या कुटुंबाला.

तर, पौर्णिमेला चार दिवस असताना रेवदंड्याच्या खाडीत शिरलो. ओहोटी लागली होती. मी कप्तानाची टोपी घालून पुढे उभा.

“धर्मा, भोंगा वाजव! कळू दे गावाला!”

भोंगा वाजला. किनाऱ्यावर जाळी सांधणारे कोळी ताडकन उठले आणि धावत सुटले. माडी काढणारा भंडारी माडावरून खाली उतरेचना. शेंड्यातच दडून बसला.

“बघ कशी धावपळ! हार आणायला गेले असतील.”

“व्हय शेट,” धर्मा म्हणाला. “हारच आणाया गेलं असतील.”

“आणखी वाजव! मी थांब म्हणेपर्यंत वाजव!”

तेवढ्यात पाण्यावरून एक नारळ आला. मागोमाग दुसरा. मग काय, वरातच!

“धर्मा, दर्या प्रसन्न झाला! आपण द्यायच्या आधी तोच देतोय!”

“कुना येड्याचा माल सुटलाय, शेट.”

“सुटू दे! ज्याला आपला माल सांभाळता येत नाही, त्यानं धंदा करूच नये. घ्या रे वर!”

खलाशांनी टोपल्या सोडल्या. मीही धोतर खोचून आकडीनं ओढायला लागलो. एक नारळ हातात घेतला, फिरवला. वर गेरूची फुली आणि खाली ठिपका.

ही खूण कुणाची, हे आता मीच सांगायला हवं का?

वर बघतो तर माझ्या वखारीचं खाडीकडचं दार सताड उघडं. दारात आमचं कुटुंब. पदर खोचलेला, केस सुटलेले. नारळ संपून आता मिठाच्या पोत्यांवर आली होती. एकेक पोतं धबाधब पाण्यात!

“अगं थांब! मी आहे, मी!”

ऐकू कसं जाणार? भोंगा चालूच! तिला दिसली ती टोपी. हात दुप्पट वेगानं चालायला लागले.

शेवटी मी टोपी भिरकावली. टक्कल चमकलं. टक्कल तिच्या ओळखीचं. ती थांबली, पण शेवटचं पोतं तोवर सुटलं होतं.

“अहो, तुम्ही? मला वाटलं सरकार आलं! पौर्णिमेआधी दुसरं कोण मरायला येतंय?”

“पण नारळ का फेकलेस?”

“मीठ होतं तळाशी! वर नारळ कुणी रचले? मी?”

मग तिनं मोकळे हात पुढे केले. “माझ्या पाटल्या कुठायत?”

“त्या काय, समोर उभ्या आहेत,” मी म्हटलं. “धूर सोडतायत.”

म्हणून हार मानली? छट्! सारी खाडी पालथी घातली, सापडले तेवढे नारळ भरले आणि निघालो. नारळ भिजला तर भिजला, पौर्णिमेला तो समुद्रातच जायचा होता! मुंबईच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, “आधीच दर्यात न्हालेला नारळ आहे, असा मिळायचा नाही.” जादा भावानं घेतला त्यानं! पाटल्या परत आल्या, पूर्वीपेक्षा जाड. मीठ समुद्राचं, समुद्रात गेलं. सरकारला त्याचा कर मिळाला नाही तो नाहीच!

फक्त परतताना मला राहवलं नाही. “धर्मा, आता तरी सांग. सरकारच्या नोकरीत हिनं चोर किती पकडले?”

“येक बी न्हाय, शेट. धुराडं दिसलं की समदे आधीच पसार.”

मग विडीचा झुरका घेऊन म्हणाला, “पर तुमच्याकडं आली नि नशीब उघडलं बघा तिचं. पयलीच धाड, आन् मालकच गावला!”