अष्टमीच्या दिवशी नर्मदा

झरी गावात झेंडावंदनाला मला दरवर्षी बोलावतात. भाषणं संपली की कोणीतरी विचारतंच, "काका, शत्रूची किती माणसं मारली?" मी खरं तेच सांगतो. शत्रूचं एकही नाही. आपलीच पाच मारणार होतो, तीही पंचांग बघून. लोक हसतात. मग चहा येईपर्यंत मी सगळं सांगून टाकतो.

आम्ही डहाणूचे मांगेले. बापाची होडी खाडीत, आईची पाटी बाजारात. मी फौजेत इंजिनिअर कंपनीत लागलो आणि एकसष्ट साली पोस्टिंग निघाली जबलपूरला.

आईने विचारलं, "तिथे समुद्र कुठल्या बाजूला?"

"कुठल्याच नाही."

"अगं बाई! मग लोक जेवतात काय?" म्हणाली आणि ट्रंकेत सुक्या बोंबलांचं गाठोडं कोंबलं. पुढचं स्टेशन वाणगाव, ते येईपर्यंत गाडीत माझ्या बाकावर मी एकटाच उरलो होतो.

युनिटमध्ये रोज १५०० ते १६००, म्हणजे दुपारी तीन ते चार, एज्युकेशन हवालदारांचा क्लास असे. भिंतीवर मध्य प्रदेशचा नकाशा. देशातलं सगळ्यांत मोठं राज्य, छप्पन साली तुकडे जोडून नव्याने केलेलं. त्यात विदर्भ तेवढा आपल्याकडे आला. जुने राजे गढा-मंडल्याचे गोंड. जंगलात साग, साल आणि विडीचा तेंदूपत्ता. बालाघाटला मँगनीज, भिलाईला पोलादाचा नवा कारखाना, नर्मदाकाठी गहू. नर्मदा आणि शोण दोघी निघतात अमरकंटकला; शोण जाते गंगेकडे, नर्मदा पश्चिमेला, थेट भरूचच्या समुद्रात. सगळं पाठ करावं लागे, नाहीतर बढतीची पट्टी मिळत नसे.

एकदा हवालदारांनी विचारलं, "इस राज्य में क्या नहीं है?"

"समुंदर, साब," मी म्हणालो. क्लास हसला.

शेजारचा हळूच म्हणाला, "और नमक."

तो सिपाही कोदूलाल. मंडल्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, सडपातळ, बोलायला कमी आणि हसायला पुढे. त्याला नर्मदा तोंडपाठ, मला समुद्र. माझे बोंबील त्याने पहिल्याच आठवड्यात संपवले. तिथून आमची जोडी जमली.

कंपनीत मी एकटाच समुद्राकाठचा. म्हणून सगळे मला ॲडमिरल म्हणायचे. पाण्याचं काही असलं की "ॲडमिरल को पूछो". मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? डोक्यात हवा गेली होती.

पुढच्या वर्षी ऑगस्टात मंडल्याजवळ नदी ओलांडण्याची एक्सरसाइज होती. नदीच्या मधोमध एक लांबट टापू. त्यावर कोदूसह पाच जवान, एक वायरलेस सेट आणि दोरखंड. काठावर माझ्याकडे दुसरा सेट. आमच्यावर सुभेदारसाहेब, कडक माणूस.

०८३० ला पाणी चढू लागलं. आमच्यावर पाऊस नव्हता, ऊन होतं. साहेबांनी विचारलं, "ॲडमिरल, क्या बोलते हो? आदमी वापस बुलाएँ?"

मी बोटांवर तिथी मोजली. अष्टमी. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल की अष्टमीला भांगाची भरती. पाणी फार चढत नाही आणि सहा तासांत ओहोटी लागते. मी छाती काढून सांगितलं, "साब, चौदाशे तक उतर जाएगा. पक्का."

साहेबांनी माणसं तिथेच ठेवली. माझ्या शब्दावर.

१०१५ ला कोदूचा आवाज आला. "ॲडमिरल, पानी के किनारे लकड़ी गाड़ी थी. डूब गई. ओव्हर."

"उतरेगा. थोड़ा रुको. ओव्हर."

११०० ला परत. "दूसरी भी डूब गई. पानी लाल है. ऊपर अमरकंटक में बरसा है. कल तक चढ़ेगा. ओव्हर."

"आज अष्टमी है, भाई. ओव्हर."

 कोदू अगदी शांतपणे म्हणाला, "अष्टमी तुम्हारे समुंदर की है. नदी पंचांग नहीं पढ़ती. हम पाँच हैं यहाँ. ओव्हर."

नदीला कसली आलीय ओहोटी! वरून जे निघालं ते खाली येणारच. एवढी साधी गोष्ट, ती नकाशावर पाठ केलेली, आणि मी गाढवासारखा बोटं मोजत बसलो होतो. मी धावत साहेबांकडे गेलो.

"साब, मेरी गलती है. पानी नहीं उतरेगा."

साहेबांनी मला जे म्हटलं ते झरीच्या सभेत सांगता येत नाही. मग म्हणाले, "नाव निकालो. तू जाएगा."

मी वल्हं उचललं आणि समोरच्या समोर सुटणार, तेवढ्यात सेटवर कोदू ओरडला, "सामने से नहीं! बह जाओगे. आधा मील ऊपर से छोड़ो!" काठावरचे जवान आणि मी होडी खांद्यावर घेऊन वर पळालो. धार आम्हाला तिरकी खेचत नेमकी टापूवर घेऊन आली. दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला कोदू शेवटचा चढला, सेट डोक्यावर धरून. १३१० ला टापू दिसेनासा झाला. माझी ओहोटी लागायला अजून पन्नास मिनिटं होती.

मला सात दिवस जादा गार्ड ड्यूटी मिळाली आणि पट्टी वर्षभर लांबली. ॲडमिरल त्या दिवशी मेला. कोदूने नवीन नाव ठेवलं, अष्टमी. अख्खी कंपनी मला अष्टमी म्हणू लागली, साहेबसुद्धा.

त्रेसष्टच्या थंडीत मी कोदूला रजेवर डहाणूला आणलं. आईने ओले बोंबील तळले, काटासुद्धा मऊ. तो ताटात शोधत राहिला, "अम्मा, हड्डी कहाँ है?" आई आठवडाभर सगळ्या बाजाराला हे सांगत होती.

किनाऱ्यावर गेल्या गेल्या त्याने पाण्याच्या काठाला काठी रोवली. सवयच ती. पाणी काठीपासून लांब गेलं, आणि दुपारी परत आलं तेव्हा ती बुडाली. तो पोट धरून हसला. "अष्टमी, तू झूठा नहीं था!" मग मी उत्तरेकडे हात करून सांगितलं, तिकडे भरूच, तुझी नर्मदा तिथून समुद्रात येते. त्याने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "इतना मीठा पानी भेजते हैं हम, और तुम लोग ये करते हो उसका?" जाताना मात्र रुमालात मूठभर मीठ बांधून नेलं, बापाला दाखवायला.

पासष्टच्या सप्टेंबरात पंजाबात, सुरुंग काढताना, सिपाही कोदूलाल गेला. मी त्याच्यापासून चाळीस पावलांवर होतो. त्या दिवसाबद्दल एवढंच सांगवतं मला. फार चांगला होता हो तो.

डिसेंबरात मी रजेवर घरी असताना त्याच्या वडिलांचं पत्र आलं. कंपनीने पाठवलेल्या अस्थी त्यांनी मंडल्याला नर्मदेत सोडल्या होत्या. मी पत्र वाचून दाखवलं. आईने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "ती नदी आपल्याकडेच येते ना रे? तूच सांगत होतास त्याला."

"हो. भरूचला."

"मग कोदू कधी पोचेल इथे?"

या वेळी मी बोटं मोजली नाहीत. त्या नदीबद्दल मी एकदाच छातीठोक सांगितलं होतं, तेही चुकीचं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी किनाऱ्यावर गेलो, पाण्याच्या काठाला कोदूसारखी काठी रोवली आणि पाणी परत येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.