हवेची बादली

प्रिय इरा आणि ओम,

गेर्लिंड मावशी जर्मनीच्या संसदेतून निवृत्त झाली, त्यानिमित्त तिच्या कामाची छापलेली पुस्तिका तुमच्याही घरी पोचली आणि इराने लगेच फोन केला. "आजी, टेक्सासच्या पेजवर नुसते हात आहेत. घड्याळ मनगटाच्या आतल्या साइडला. दॅट्स यू, राइट?"

हो, ते हात माझेच. चेहरा का नाही, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आता तुमच्या बाबाचं ग्रीन कार्ड आलं आहे, त्याने ती नोकरीही बदलली आहे, म्हणून सगळं क्रमाने लिहिते. अडेल तिथे बाबाला विचारा.

चार वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. मी पुण्याहून शुगर लँडला तुमच्याकडे आले होते. ओम तेव्हा रांगत होता. दार उघडलं की गरम ओला टॉवेल तोंडावर टाकल्यासारखी हवा अंगावर यायची. तशात जर्मनीहून गेर्लिंडचा फोन आला: ह्यूस्टनच्या पूर्वेला कारखान्यांशेजारची एक वस्ती पाहायची आहे, तू बरोबर येशील का?

आमची ओळख भोपाळची. आजोबांची बँकेतली बदली तिथे होती. वायुगळतीनंतर ती आली, तेव्हा नदीकाठच्या एका गावात रसायनशास्त्र शिकवणारी शिक्षिका होती. वस्तीतल्या बायकांचं बोलणं मी तिला इंग्रजीत सांगत असे. पुढे ती नगरपालिकेत निवडून आली, मग प्रांताच्या सभागृहात आणि शेवटी पर्यावरणवादी पक्षाकडून देशाच्या संसदेत, मानवाधिकार समितीवर. "मानवाधिकार म्हटलं की लोकांना तुरुंग आठवतो," ती म्हणायची. "मला खिडकी आठवते. वासामुळे उघडता येत नाही ती."

विमानतळावर उतरताच तिने विचारलं, "बस कुठून सुटते?"

"मावशी, इथे कारशिवाय दूधसुद्धा मिळत नाही," मिलिंद, म्हणजे तुमचा बाबा, हसून म्हणाला. शेवटी तिने सगळ्यात लहान गाडी भाड्याने घेतली. शनिवारी सकाळी आम्ही निघालो, तेव्हा त्याने स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. "आई, ऊन आहे. ही काढू नकोस हं."

साडी, पांढरे बूट आणि टोपी. गेर्लिंड म्हणाली, "क्रिकेटची कॅप्टन दिसतेस."

रस्ते एकावर एक चढलेले, दोन्ही बाजूंना ट्रक. मी नकाशा धरून बसले होते. गाडी चालवताना तिने आपल्या भावाची गोष्ट सांगितली. तो त्यांच्या गावच्या रंगाच्या कारखान्यात होता. नदीतल्या मेलेल्या माशांबद्दल ती पहिल्यांदा सभेत बोलली, आणि महिन्याभरात त्याची नोकरी गेली.

"मग?"

"मी निवडून आले. तो आईच्या अंत्यविधीलासुद्धा माझ्याशी बोलला नाही."

शहर सरलं आणि टाक्या सुरू झाल्या. पांढऱ्या, गोल, दूरवर पसरलेल्या. उंच नळीच्या टोकाला ज्योत भरदिवसा जळत होती. आम्ही एका लाकडी घरासमोर थांबलो. समोर तारेचं कुंपण, आणि त्यावर हिरवा त्रिकोण. तोच त्रिकोण मिलिंदच्या पाण्याच्या बाटलीवर मी रोज विसळत होते.

"गेर्लिंड, ही मिलिंदची कंपनी आहे."

तिने इंजिन बंद केलं. "परत जायचं?"

पण जिला भेटायचं ठरलं होतं त्या रोसाबाई दारात येऊन उभ्या होत्या. मेक्सिकोहून आलेल्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी हाताला धरून आत नेलं आणि तमाले (मक्याच्या सालीत वाफवलेले सारणाचे उंडे) वाढले. मी मांस खात नाही म्हटल्यावर घेवड्याचे वेगळे काढून दिले. चव छान होती. त्यांचा नवराही त्याच कारखान्यात होता. "तो आत वेल्डिंग करतो, मी बाहेर हवा भरते," म्हणून त्या खळखळून हसल्या.

हवा भरतात ती रंगाच्या डब्यासारखी प्लास्टिकची बादली. आत रिकामी पिशवी, वर झडप. वास आला की झडप उघडायची. पिशवीत हवा शिरते आणि तपासायला प्रयोगशाळेत जाते. आम्ही ओसरीवर आलो आणि नेलपॉलिशसारखा, पण घसा धरणारा वास आला.

"अबुएला (आजी), धरा, धरा!" रोसाबाईंनी बादली माझ्या हातात दिली आणि झडप फिरवली. गेर्लिंडने फोटो काढला. तेवढ्यात कुंपणाच्या कडेने पहारेकऱ्याचा ट्रक आला.

"फोटो बंद, मॅडम." न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यापासून कारखान्याचा फोटो काढणारा प्रत्येक जण संशयितच होता. त्याने गाडीचा नंबर लिहून घेतला. मग माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज निवळला. "टोपी छान आहे. मुलगा आमच्याकडे आहे वाटतं?"

तेव्हा मला डोक्यावरची टोपी आठवली.

"भेट मिळालीय," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"मग या दोघींना तुम्हीच समजवा," असं म्हणून तो गेला. रोसाबाई हसत सुटल्या.

परतताना पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा गेर्लिंडने कॅमेऱ्यात फोटो दाखवला. मी, हातात बादली, डोक्यावर हिरवा त्रिकोण, मागे कुंपणावर हिरवा त्रिकोण. "इतक्या वर्षांत असा फोटो मला मिळाला नव्हता," ती म्हणाली. आनंदाने नाही, हळूच.

घरी आल्यावर मी मिलिंदला सगळं सांगितलं. त्याचा हात वरणाच्या वाटीवरच थांबला. "आई, यार! माझं ग्रीन कार्ड ह्याच कंपनीने फाइल केलंय. जॉब गेला तर सगळं कॅन्सल. मुलांना घेऊन परत. मावशी, प्लीज, डिलीट करा."

"फोटो तुझ्या आईचा आहे," गेर्लिंड म्हणाली. "तिला विचार."

'पुसून टाक' हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. तरी मी विचारलं, "रोसाबाईंचा फोटो दाखवणार?"

"हो. नावासकट दाखवा, असं त्यांनीच सांगितलंय."

तू, इरा, खुर्चीखाली पेन्सिली गोळा करत होतीस. मग गेर्लिंडने कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंगठा ठेवून वरचा भाग झाकला. उरले हात आणि बादली. "एवढंच कापून घेते. बाकीचा तुमच्यासमोर पुसते. एक भाऊ पुरे झाला मला."

मिलिंदने बराच वेळ पाहिलं. "घड्याळ दिसतंय."

"घड्याळ कोणाचंही असेल," मी म्हणाले. त्याने मान हलवली.

पुढच्याच आठवड्यात मी पुण्याला परतले. टोपी तिथेच ठेवली. गेर्लिंडने ते हात आपल्या समितीपुढे दाखवले, शेजारी रोसाबाईंचा हसरा चेहरा आणि पिशवीतल्या हवेचा अहवाल. मिलिंदचा फोन अवेळी वाजला की मी देवासमोर जाऊन मगच उचलत असे. गाडीचा तो नंबर कोणीतरी शोधेल, असं वर्षभर वाटत राहिलं. कोणी शोधला नाही.

रोसाबाईंच्या नवऱ्याचं काम मात्र त्याच हिवाळ्यात गेलं. कारण कोणी सांगितलं नाही, असं गेर्लिंडने पत्रातून कळवलं. तेवढं वाचून मी कागद उलटा ठेवला होता.

आपल्या घरातली भीती संपली, मुलांनो. ती कशी संपली, ते तुम्हाला माहीत असावं. रोसाबाई अजून त्याच घरात राहतात. बादली ओसरीवर आहे, आणि वास आला की त्या झडप उघडतात.