मागच्या फाटकाची कडी

जेनेट हॉइलच्या घराला दोन दारं होती, आणि पुढच्या दाराची घंटा वाजली की तिचं हातातलं काम थांबायचं. लँकशायरमधल्या त्या चढाच्या गल्लीत सगळ्यांचंच तसं. घरचं माणूस, शेजारीण, दूधवाला, सगळे मागच्या अंगणाच्या फाटकातून स्वयंपाकघराच्या दारानं आत येणार. पुढचं दार कशाला, तर नवरी, शवपेटी आणि सरकार. जेनेटच्या नवऱ्याला त्याच दारानं नेलं, आणि तीन वर्षांपूर्वी डेलला न्यायला पोलीस आले तेही त्याच दारानं.

डेल हा तिचा एकुलता एक. त्यानं केलं होतं काय, तर दोन दोस्तांबरोबर चर्चच्या छपरावर चढून शिशाचे पत्रे काढले आणि भंगारवाल्याला विकले. अक्कल गहाण टाकली होती पोरानं, दुसरं काय. पुढच्याच रविवारी पाऊस आला आणि भजन म्हणता म्हणता अर्धी मंडळी भिजून चिंब झाली. गल्ली अजून हसते त्यावर. जेनेट एकदाही हसली नाही. नऊ महिने आत काढून डेल घरी आला. आता सत्तावीस वर्षांचा होता, एका गोदामात संध्याकाळची पाळी करायचा, रात्री उशिरा मागच्या दारानं यायचा आणि सकाळी दहाला आईच्या हाकेनं उठायचा. जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून ती म्हणायची, "डेल, चहा झालाय रे." तो शाळेत होता तेव्हापासून त्या हाकेत एक अक्षर बदललेलं नव्हतं.

बावीस वर्षं जेनेटनं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. मग ते स्वयंपाकघर बंद झालं, आणि तिच्या गुडघ्यांनीही त्याच सुमारास संप पुकारला. छप्पन्नाव्या वर्षी तिला पोरं सांभाळण्यापलीकडे काही येत नव्हतं, पण ते मात्र फार चांगलं येत होतं. गल्लीतल्या दोन आयांनी आपली तान्ही तिच्याकडे ठेवायचं कबूल केलं होतं. पण घरात पाळणाघर काढायचं तर नोंदणी हवी, आणि नोंदणी हवी तर सरकारी बाई घरी येऊन कानाकोपरा तपासणार. ते जमलं नाही, तर खिडकीत बसून लोकांची पोरं शाळेत जाताना बघायची, एवढंच उरलं होतं.

शेजारच्या नोरीन डकवर्थनं वीस वर्षं पाळणाघर चालवलेलं. सल्ला कुणी मागावा एवढी वाट ती कधी बघत नसे.

"आधी सगळ्या घरातून रांग," नोरीननं सांगितलं. "दोन वर्षांच्या पोराला जे दिसतं ते तुला दिसलं पाहिजे."

"मी एकदा खाली बसले तर उठवायला अग्निशमन दल लागेल," जेनेट म्हणाली.

म्हणून डेल रांगला. सहा फुटी बाप्या, कोपरावर कोपर टाकत सोफ्याखाली घुसला आणि खालूनच एकेक वस्तू जाहीर करू लागला. एक बटण. एक खिळा. पेनाचं टोपण.

"आणि ही बाबांची रक्तदाबाची गोळी," तो म्हणाला. "बाबांना जाऊन चार वर्षं झाली, आई. तू इतके दिवस झाडू मारत होतीस की नुसता दाखवत होतीस?"

"तोंड आवर आणि अजून आत जा," ती म्हणाली. खरं सांगायचं तर त्या दुपारी ती फार सुखात होती.

पंधरा दिवस डेल कामावर जाण्याआधी ठाकठोक करत होता. जिन्याला लहान फाटक बसवलं. खिडक्यांच्या पडद्यांच्या दोऱ्या वर आकड्यांना बांधल्या. फिनेल, ब्लीच, काड्यापेट्या सगळं उंच फडताळात गेलं आणि फडताळाला खिट्टी आली. शेवटी त्यानं मागच्या अंगणाच्या फाटकाला आतून, पार वरच्या टोकाला, एक जाड कडी ठोकली. पोरांचा हात पोचणार नाही आणि बाहेरून कुणाला उघडता येणार नाही.

"मग रात्री मी कसा येणार?" त्यानंच विचारलं.

"पोरं गेली की मी काढून ठेवत जाईन," जेनेट म्हणाली.

सगळं झालं आणि अर्ज भरायला घेतला. त्यात एक चौकट होती: घरात राहणाऱ्या, सोळा वर्षांवरच्या इतर व्यक्ती. जेनेटचं पेन तिथं येऊन थांबलं. समोर चहा पीत बसलेली नोरीन पुढे वाकली.

"त्याचं नाव घातलंस की संपलं म्हणून समज. त्याच्या नावापुढे काय निघणार ते काय मी सांगू? देवाचं छप्पर विकलंय त्यानं."

"अगं, पण तो राहतो इथं."

"आज राहतो. तपासणीच्या दिवशी राहिलाच पाहिजे असं आहे का?"

डेल जिन्यावर उभा राहून सगळं ऐकत होता. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला? दुसऱ्या दिवशी तो बॅग घेऊन खाली आला. म्हणाला, "कामावरच्या गॅविनच्या सोफ्यावर झोपतो मी. पंधरा दिवसांचा तर प्रश्न." जेनेटनं नको म्हणायला हवं होतं. ती काय करत होती, तर त्याचा स्वेटर नीट घडी करून बॅगेत घालत होती. लाज वाटली तिला, आणि सुटल्यासारखंही वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची आणखी लाज वाटली. चौकटीत तिनं लिहिलं, कोणी नाही. खाली सही केली. डेलचा मोठा निळा मग वर्तमानपत्रात गुंडाळून कुठंतरी दडवून टाकला.

मंगळवारी साडेनऊला पुढच्या दाराची घंटा वाजली. तपासणीच्या क्रॉसबी बाई वयानं जेनेटएवढ्याच, साध्या कोटातल्या, शांत. त्या तिरसट असत्या तर बरं झालं असतं. तिरसट माणसाशी खोटं बोलायला जड जात नाही.

बाईंनी धुराची सूचना देणारी घंटा वाजवून पाहिली, औषधपेटी उघडली, मागच्या अंगणात जाऊन कडीवर बोट ठेवलं. मग जिन्यापाशी आल्या आणि फाटक दोनदा उघडून लावलं.

"हे कुणी बसवलं?"

"मुलानं," जेनेट म्हणाली, आणि घाईनं पुढे, "तो बाहेर असतो."

"हात चांगला आहे हो त्याचा."

जेनेटला एकदम भरून आलं. तुरुंगातून आल्यापासून त्याच्याबद्दल कुणी चांगला शब्द काढला नव्हता, आणि आज काढला तर तिला तो शब्द कानाआड करावा लागला. ती चहा करायला गेली. पाहुण्यांचे बशीवाले कप काढले, किटली उकळली, चहा ओतला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले. तिचं डोकं बाईंच्या प्रश्नांत होतं, पण पाय मोकळे होते. ते आपले चालत गेले जिन्याच्या पायथ्याशी.

"डेल, चहा झालाय रे."

हाक वरच्या रिकाम्या खोलीत गेली. 

जेनेट वळली तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

"हे बघा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घरात आणखी कुणी राहत असेल, तर नुसतं नाव लिहायचं असतं. आम्ही चौकशी करतो. जुनी बारीकसारीक भानगड असली तर बहुतेक वेळा पाहून सोडून देतो. लपवलेलं मात्र सोडता येत नाही. म्हणून पुन्हा एकदा विचारते. इथं कोण कोण राहतं?"

नुसतं नाव लिहायचं होतं.  अर्ज बाईंच्या मांडीवर उघडा पडला होता आणि त्या चौकटीत तिच्याच अक्षरात दोन शब्द होते. आता खरं बोलायचं म्हणजे आपण खोटं लिहिलं हे सांगायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनंच खणलेली.

"सवय हो," ती म्हणाली. "वीस वर्षांची. मी एकटीच राहते."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांचा चेहरा निवळला.

"माझाही मुलगा बाहेरच असतो, कॅनडात," त्या म्हणाल्या. "मी अजून दोन बटाटे जास्त सोलते."

त्यांनी विश्वास ठेवला होता. त्यापेक्षा त्यांनी रागावून निघून जावं असं जेनेटला वाटलं.

तीन आठवड्यांनी नोंदणीचं पत्र आलं. नोरीन केक घेऊन आली. दुपारी डेलचा फोन आला.

"झालं म्हणे, आई. मग येऊ का आज रात्री?"

जेनेट कारणं सांगू लागली. बाई न कळवता केव्हाही येऊ शकतात. वर त्याचं अंथरूण दिसेल, दाढीचं सामान दिसेल. ते सगळं ती एका दमात बोलली.

"नाव घालता येतं म्हणे," ती म्हणाली. "पण आता घातलं तर ते विचारतील, आधी का नाही घातलं."

"नको, राहू दे," डेल म्हणाला.  "चर्चचं शिसंच ते. जड असायचंच."

सोमवारपासून दोन्ही तान्ही आली आणि घर भरून गेलं. दहा वाजता हाक जेनेटच्या ओठांवर यायची आणि ती बाळाचं तोंड पुसत बसायची.

रविवारी तीनला पुढच्या दाराची घंटा वाजली.  ॲप्रनला हात पुसत ती गेली आणि दार उघडलं, तर पायरीवर डेल. हातात बिस्किटांचा डबा, केस नीट विंचरलेले.

"मागची कडी लागलेली होती," तो म्हणाला.

शुक्रवारी पोरं गेल्यावर ती काढायचीच राहिली होती. डेल पायपुसण्यावर बूट पुसून आत आला आणि बस म्हणेपर्यंत उभाच राहिला. जेनेटनं स्वयंपाकघरात जाऊन निळा मग शोधला. फडताळाच्या खिट्ट्या काढून काढून शोधला. कुठं दडवलाय ते काही केल्या आठवेना. शेवटी तिनं बशीवाला कप काढला.

डेलनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"छान झालाय चहा," तो म्हणाला.