माणूस नसलेलं चित्र

कान इकडं कर गं जरा, फोनवरच सांगते. लंडनहून आजीला कुणी असं चित्र धाडतं का? महायुद्धानंतरच्या कुण्या इंग्रज चित्रकाराचं, दगडावर काढून कागदावर छापलेलं. नुसते काळे फराटे नि एक लाल डाग. उलटं कुठलं, सुलटं कुठलं, कळेना.

तरी फ्रेम करायला सांगलीला नेलं. दुकानात एक फेटेवाले गृहस्थ होते. मिलिटरीतल्या मुलाचा फोटो कागदात गुंडाळायचे, परत सोडायचे, दारापर्यंत जाऊन यायचे. दुकानदारानं सहज विचारलं, "काका, हार अडकवायला वर खिळा ठोकू का?"

"जित्ता हाय पोरगा माझा! सुट्टी मिळंना त्याला, म्हातारी झुरतीया, म्हणून लावतोय."

दुकानदार ओशाळला. गृहस्थ मात्र कागद गुंडाळत नि सोडतच राहिले. मग माझ्या चित्राकडं बघून म्हणाले, "आक्का, तुमचं बरं हाय. ह्यात माणूसच न्हाई. कोण काय इचारणार न्हाई."

माझ्या पिशवीत तुझाही फोटो होता, फ्रेमसाठीच नेलेला. तो बाहेर काढायला हात धजला नाही.

चित्र तेवढं भिंतीवर लागलंय. येता-जाता त्या फराट्यांत तुझं तोंड हुडकते, सापडत नाही. तूच ये गं, द्राक्षं संपायच्या आत.