मामाचा ठोसा

अर्जुनी मोरगावची हिवाळ्यातली पहाट आठवली की मला आधी धुकंच दिसतं. तलावावरून उठून ते राइस मिलच्या मोठ्या फरशीवर येऊन बसायचं. दिवसा त्या फरशीवर उकडलेला धान वाळायचा. धान उचलून नेला तरी त्याचा उबट, गोडसर वास तिथेच रेंगाळायचा. त्या वासात आम्ही मुलंमुली पांढरे कपडे घालून अनवाणी उभी असायचो आणि समोरून हळूहळू मामा दिसायला लागायचा, आधी कमरेचा काळा पट्टा, मग बाकीचा माणूस. हे सगळं जागेपणी घडत होतं, असं मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. नागपुरात नोकरी करता करता कराटे शिकला आणि परत आल्यावर मिलमालकाकडून सकाळपुरती फरशी मागून घेतली. गावाला वाटलं, हा पोरांना मारामारी शिकवणार. त्याने शिकवलं काय, तर चपला एका ओळीत काढायच्या, फरशीवर पाय ठेवण्याआधी वाकायचं, जोडीदाराला मारण्याआधी वाकायचं आणि मारून झाल्यावर पुन्हा वाकायचं.

"सारा वेळ वाकूनच राहिले त मारतेत कवा?" एका पालकाने विचारलंही. पुढे त्यांचाच मुलगा घरात ताठ बसायला आणि आल्यागेल्याशी नीट बोलायला लागला, तेव्हा ते गप्प झाले. माझं म्हणाल तर मी मुळात तापट, राग सदा नाकाच्या शेंड्यावर. गुडघे वाकवून, मांड्या थरथरेपर्यंत नुसता श्वास घेत उभं राहिलं की तो राग गढूळ पाण्यातल्या मातीसारखा तळाशी बसायचा. घरी परतताना मला कुणाशीच भांडावंसं वाटायचं नाही. ते सुख मला दुसरीकडे कुठे मिळालं नव्हतं.

अडचण एकच होती. आमच्या पोवार घरांत मामा भाचीच्या पाया पडतो. भाची देवाच्या ठिकाणी. तिने मामापुढे वाकायचं नाही, आणि मामाने तिच्यावर हात उगारला तर सरळ पापच. त्यामुळे सगळे रांगेने सरांना, म्हणजे मामाला, वाकून नमस्कार करायचे आणि माझ्यापाशी आलं की सर तलावाकडे बघायला लागायचे. लढतीच्या सरावात मामा प्रत्येकाशी भिडायचा. माझी पाळी आली की त्याला नेमकी शिट्टी शोधायची असायची. सरांची भाची म्हणून बाकीच्या मुलीही माझ्यावर गालावरची माशी हाकलल्यासारखा ठोसा टाकायच्या. मला कुणी मारतच नव्हतं. ऐकायला बरं वाटतं, पण त्याने माझं वाटोळं होत होतं.

ते कळलं तपकिरी पट्ट्याच्या परीक्षेत. गोंदियाहून परीक्षक आले होते. त्यांची मूठ समोरून आली आणि मी डोळे मिटून घेतले. मूठ त्यांनी माझ्या नाकासमोर थांबवली. "आंखें बंद, तो लड़ाई खतम, बेटा," ते मायेने म्हणाले आणि मला नापास केलं. आईने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, अजून एकदा बसून बघ, नाही झालं तर ते पांढरे कपडे पेटीत. आई बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. ती पहाट, ते धुकं, तो तळाशी बसणारा राग, सगळं हातचं जाणार म्हणून मी उशीत तोंड खुपसून रडले.

पुढच्या वेळी मामा घरी आला आणि रीतीप्रमाणे माझ्या पाया पडायला वाकला, तर मी पाय मागे घेतले.

"काऊन वं?" तो म्हणाला.

"पाया नोको पडू. मले ठोसा मार."

आई चुलीपुढून कडाडली, "मामाले पापात घालते का?"

"मंग घरीच पूजा करा माही. परीक्षेत पुन्हा डोळे मिटन मी."

मामाचा चहा तसाच निवत राहिला आणि तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की शेजारची मुलगीही नुसती पांढरी सावली वाटत होती. मामा रांगेत माझ्यापाशी आला आणि या वेळी तलावाकडे न बघता थांबला.

"घरी मी वाकतो, तू नाई वाकत," तो हळूच म्हणाला. "इथं दोघंई वाकतेत. इथं कोनी कोनाचा मामा नाई."

आम्ही एकदमच वाकलो. माझ्याइतकाच खाली आलेला त्याचा माथा मला दिसला, त्यातले दोन-चार पांढरे केसही. मग तो पवित्र्यात उभा राहिला. त्याची मूठ धुक्यातून सुटली, आणि अजून आठवली की ती स्वप्नातल्यासारखी सावकाशच येते. मी हात उचलला, पण उशीर झाला. ठोसा खांद्यावर बसला आणि मी फरशीवर आपटले. खांद्यातून कळ गेली. मला इतका आनंद झाला होता की रडू फुटलं.

माझे डोळे शेवटपर्यंत उघडे होते. म्हणूनच मला दिसलं, मारताना मामाने स्वतःचे गच्च मिटून घेतले होते.